राघूचा वाडा, गजराबाईंची मेंढरे

मित्रांनो, मी डेटाबेस शिकविणारे एक जुने पुस्तक आहे. नारायणगावच्या दुकानातून सावळेराम यांनी मला आणे या गावी आणले. गावातील मेंढरांची नोंद संगणकावर करण्याचे काम त्यांनी अंगावर घेतले होते. त्या नोंदीवरून मेंढरांच्या कानात बिल्ले बसणार होते. बिल्ला ज्याच्या नावाचा, मेंढरू त्याचे ठरणार होते.

माझ्या मनाचा गोंधळ काय वर्णावा! मी सांगितलेले बटण पडद्यावर सापडत नसे, कारण सॉफ्टवेअर माझ्याहून नवे होते. माझ्या पोटात दुकाने व गिऱ्हाइके यांची उदाहरणे होती. मेंढरू एकही नव्हते. तरीही सावळेराम माझ्या ओळींखाली भक्तिभावाने रेघा ओढीत. मला अभिमान वाटे आणि भीतीही वाटे.

नोंद पूर्ण झाली, तेव्हा वृद्ध गजराबाई दारात आल्या.

"सावळेरामा, माजी मेंढरं घेतली का रं?"

सावळेरामांनी संगणकावर गजराबाईंचे नाव शोधले. काहीच आले नाही.

"न्हाई दिसत, मावशे."

"न्हाई कशी? तुज्या डब्यानं खाल्ली व्हय?"

सावळेरामांनी माझी पाने उलटसुलट चाळली. मलाही उमगेना. अखेर त्यांनी डेअरीत संगणक चालविणाऱ्या आरतीताईंना बोलाविले.

"भाऊ, मावशीची मेंढरं राखतं कोण?" आरतीताईंनी विचारले.

"राघू. त्याच्याच वाड्यात असत्यात." मेंढपाळाच्या कळपाला येथे वाडा म्हणतात.

"मग मालक कोण लिवला?"

"राघूच! सारा गाव राघूचा वाडाच म्हनतो की."

"उंद्या राघूची पोरं म्हनली मेंढरं आमची, मग?" गजराबाईंनी विचारले.

"भाऊ, राखनारा येगळा, मालक येगळा," आरतीताई म्हणाल्या. "दोन तक्ते करा राव, आन् जोडा. पुस्तकात लिवलंय बगा."

खरोखरच, माझ्या सातव्या प्रकरणात ते होते! परंतु दुकान आणि गिऱ्हाईक यांच्या वेषात माझे मलाच ओळखता आले नव्हते. अजूनही मी मलाच पुरते उलगडले आहे, असे म्हणवत नाही.

तक्ते जोडले गेले. गजराबाईंना वाचता येत नव्हते. आरतीताईंनी मालकांच्या तक्त्यात त्यांचे नाव बोटाने दाखविले, तेव्हा मेंढराच्या पाठीवरून फिरवावा तसा त्यांनी पडद्यावरून हात फिरविला.

मित्रांनो, मला रद्दीत घालू नका. पण केवळ माझ्या भरवशावरही राहू नका. न समजलेले पान जाणत्या माणसापुढे उघडून धरा. त्याने ज्याची मेंढरे त्याचीच राहतात.