राईतले आकडे

अंमळ पुढे सरकून बसा, मंडळी. कुरवंड्याची एक गोष्ट सांगतो. ऐकताना देव आठवेल, आणि थोडी लाजही वाटेल.

महिपतीची काठी बसली ती लाकूडतोड्या दत्तोबाच्या कानशिलावर. दत्तोबा आडव्या पडलेल्या हिरड्यावर कोसळला. वाघजाई देवीच्या राईतली सात झाडं त्याच्या टोळीने सकाळपासून पाडली होती. बाकीचे पळाले, हा एकटा सापडला. ज्या राईतलं वाळकं पानसुद्धा कुणी घरी नेत नाही, तिथे कुऱ्हाड चालली होती. सारा गाव लोटला होता.

"नंबर व्हता झाडावर," तोंडातलं रक्त थुंकत तो म्हणाला. "रस्ता रुंद करायला नंबर घातलेली झाडं तोडत हितवर आलो. नंबराचं झाड पाडायचं, आमाला इतकंच ठावं."

"लॉटरीचा नंबर व्हता का रं?" कुणीतरी हसलं. मग लाथा बसू लागल्या.

यशोधरा पुण्याहून दर महिन्याला यायची. तीन वर्षं ती इथल्या झाडांचे घेर मोजत होती. पाऊस आता आठ दिवस कोसळतो नि महिनाभर दडी मारतो. त्यात कोणतं झाड वाढतं, कोणतं अडतं, हे तिला पाहायचं होतं. तेच झाड पुन्हा सापडावं म्हणून खोडांवर पांढरे आकडे घातले होते. आज गर्दीत शिरताच पाडलेल्या हिरड्यावर तिला तिच्या वहीतला सतरा दिसला.

खरं बोलावं, तर राईची वाट कायमची बंद. तिने वही छातीशी घट्ट धरली. तेवढ्यात काठी आणखी दोनदा उतरली, आणि दत्तोबाच्या कानातून रक्त आलं.

"थांबा. ते आकडे माझे आहेत," ती म्हणाली. "त्याची चूक नाही."

"म्हंजी तूच व्हय गं?" गर्दीतल्या अनिताच्या हातातला दगड तिच्याकडे वळला.

महिपती राईचा राखणदार. त्याने काठी टाकली आणि यशोधरेच्या पुढे येऊन उभा राहिला.

"ताईनं निस्ता टेप धरला," तो म्हणाला. "रंग म्या लावलाय. समदे आकडे माज्या हातचे."

"मग मघाशी का न्हाई बोललास, आबा?" अनिताने विचारलं.

महिपती खाली बसला. डोक्याचा पटका सोडून त्याने दत्तोबाच्या कानावर दाबून धरला.

लोणावळ्याच्या दवाखान्यात पोचायच्या आधीच दत्तोबा गेला.

वाघजाईपुढे हात जोडाल, तेव्हा आंदर मावळातल्या दत्तोबाचं नाव तेवढं घ्या. मारणाऱ्यांची नावं तिला ठाऊक आहेत.