दोघींचा एकच वात

श्रेयाची आंघोळ सकाळी सात वाजता असायची आणि सात वाजता माझे हात माझे नसायचे.

बोटांची मधली पेरं सुजून टणक झालेली. मूठ मिटत नाही, मिटली तर उघडत नाही. झबल्याचं टिचबटण दाबायचं तर दातांनी. पायाची बोटंही तशीच. फरशीवर पाऊल टेकलं की खडीवर उभं राहिल्यासारखं व्हायचं. मी रसायनशास्त्रात एम.एस्सी. केलंय, लग्नाआधी दोन वर्षं कॉलेजात प्रॅक्टिकल घेतलंय, पोरांना थेंब थेंब मोजून सोडायला शिकवलंय. आणि आता सात महिन्यांच्या लेकीला उचलताना माझं मनगट लटलटायचं. म्हणून सकाळी तिला माझ्या सासूबाई उचलायच्या.

त्यांचं नाव दगडाबाई. त्यांच्या आधीची दोन भावंडं गेली, ही तरी जगावी म्हणून ठेवलेलं नाव. माझ्या बाळंतपणाला खुलताबादजवळच्या शेतावरून सिडकोतल्या आमच्या फ्लॅटवर आल्या, त्या राहिल्याच. मी त्यांना आत्याबाई म्हणते.

बाथरूममध्ये पाटावर पाय लांब करून त्या बसायच्या. श्रेयाला नडग्यांवर पालथं घ्यायचं, पाठीला तेल, मग उताणं, मग कोमट पाण्याचा तांब्या. मी दाराशी उभी.

"कुणाचं गं ह्ये नाक? आज्जीचं. कुणाचा गं ह्यो गाल? आज्जीचा."

सगळी पोर आजीच्या नावावर होईपर्यंत तांब्या चालायचा आणि श्रेया खिदळत राहायची. माझ्याकडं ती हसते, पण खिदळत नाही. मी नीट लक्ष ठेवून पाहिलंय.

मला त्यांच्या हातांचा मत्सर वाटायचा. साठीचे, भेगाळलेले, मेथी निवडून नखं हिरवी झालेले हात. एका हातानं त्या लेकराची मान धरायच्या आणि दुसऱ्यानं कानामागं बोट फिरवायच्या, न बघता. माझ्या लेकीच्या कानामागं.

आणि वर कहर म्हणजे वात त्यांनाही होता. गुडघ्यांचा, चार-पाच वर्षांपासून. शेजारच्या करपेकाकूंना त्या दारात उभ्या राहून सांगायच्या, "वात काय, मला बी हाय की. म्हणून लेकराचं काय राहिलंय का? हिनं सव्वा महिन्यात नळाच्या थंड पाण्यात दुपटी धुतली. सांगून सांगून थकले मी. आता भोगतीय."

दुपटी मी धुतली होती, हे खरं. त्यामुळं मला बोलायला तोंड नव्हतं. दोघींचा वात एकच. मग त्यांना जमतं आणि मला जमत नाही, याचा अर्थ मीच लेचीपेची. दुसरा काय अर्थ निघणार?

त्यांच्याकडं गावच्या डॉक्टरनं दिलेल्या गोळ्या होत्या. "येकच वात, येकच गोळी. घे," म्हणाल्या, आणि मी, एम.एस्सी. झालेली बाई, अडीच महिने त्या गोळ्या घेत राहिले. गोळीनं दोन-चार तास बरं वाटायचं. पुढं पुढं पोटात आग पडायला लागली, तरी डॉक्टरकडं गेले नाही. कारण सांगायला लाज वाटते. किती दुखतंय ते मोठ्यानं बोलले असते तर गोकुळ, म्हणजे माझे मिस्टर, लगेच म्हणाले असते, "आई आहे ना, तू आराम कर." त्या आरामाची मला धास्ती होती. आज सकाळची आंघोळ गेली, उद्या भरवणं जाईल, मग झोपवणं. रात्री दूध पाजायला तेवढी मी उरेन.

एका सोमवारी मी श्रेयाला घ्यायला हात पुढं केले. तिनं माझ्याकडं एकदा पाहिलं आणि तोंड फिरवून आजीकडं झेप घेतली.

"बघ, लबाड कशी ती!" आत्याबाई खूश होऊन म्हणाल्या. "आज्जीची सवय लागलीय."

मनात आलं, यांचे गुडघे एकदाचे धरले तर बरं होईल. आलं ते आलं. नंतर स्वतःलाच दचकले, पण परत घेतलं नाही.

बुधवारी सकाळी गोकुळ पहिल्या शिफ्टला वाळूजला गेलेले. मी गरम पाण्याच्या पातेल्यात हात बुडवून बसले होते. बाथरूममधून हाक आली, "निशाऽ! आगं ये, लवकर ये!"

धावता येत नव्हतंच. तशीच खुरडत गेले. आत्याबाई पाटावर, मांडीवर ओली, तेलानं बुळबुळीत श्रेया, आणि त्यांचा चेहरा पांढराफटक.

"हिला धर. माझा गुडघा उठंना."

मी हात पुढं केले. बोटं मिटेनात. ओलं लेकरू माशासारखं वळवळत होतं.

"धर की! बघत काय उभी राह्यलीस?"

"आत्याबाई, हात मिटत नाहीत."

"म्हंजे?"

मी दोन्ही हात त्यांच्यासमोर धरले. इतके दिवस मी ते पदराआड नाहीतर ओढणीखाली ठेवायचे. त्यांनी एकेक पेर पाहिलं. बोट लावलं तशी मी कळवळले.

"ह्ये रोजचं?"

"रोजचं. दहा वाजेपर्यंत."

"दहा? मला तर उठलं की चार पावलं टाकेस्तोवर सुटतं. संध्याकाळी मातर पाय माझे राहात नाय." त्यांनी बाजूचा टॉवेल ओढला. मग म्हणाल्या, "बस खाली."

मी ओल्या फरशीवर बसले. त्यांनी माझ्या दंडांवर टॉवेल टाकला, त्यावर श्रेयाला लोटलं, आणि मी कोपरांनी तिला छातीशी आवळून धरलं. पंधरा-वीस मिनिटं आम्ही तिघी तशाच बसलो. शेवटी नळाला धरून, दोनदा खाली बसून, आत्याबाई उभ्या राहिल्या.

"दोघी मिळून येक धड बाई होत नाय बघ," त्या म्हणाल्या. हसू मला आलं, त्यांना नाही.

क्रांती चौकाजवळ सांध्यांच्या डॉक्टर आहेत, करुणा साळवे म्हणून. त्याच आठवड्यात दोघी तिथं गेलो, आणि मी तोंड उघडायच्या आत आत्याबाईंनी सांगून टाकलं, "आमचं दोघींचं येकच हाय बाई. वात."

डॉक्टर बाईंनी त्यांचं ऐकून घेतलं आणि मला विचारलं, "सकाळी आखडलेलं सुटायला किती वेळ लागतो?" मग तोच प्रश्न त्यांना. मग माझी पेरं दाबून पाहिली, त्यांचे गुडघे वाकवून पाहिले. करकर आवाज मलाही ऐकू आला. रक्त तपासायला दिलं, एक्स-रे काढले. चार दिवसांनी रिपोर्ट घेऊन पुन्हा गेलो.

"आजी, तुमच्या गुडघ्यातली गादी झिजलीय," त्या म्हणाल्या. "वापरलं की दुखतं, टेकलं की बरं वाटतं, म्हणून संध्याकाळी जास्त. हिचं उलटं आहे. शरीराची राखण करणारी जी फौज असते ना, तीच चुकून हिच्या सांध्यांच्या अस्तरावर चालून गेलीय. दोन्ही हातांना सारखं, लहान सांध्यांना, सकाळी फार, हलवत गेलं की सुटत जातं. बाळंतपणानंतर हे सुरू झालेल्या बाया आम्ही कितीतरी बघतो. हिच्याला आमवात म्हणतात, तुमच्याला संधिवात."

"थंड पाण्यानं?" मी हळूच विचारलं.

"थंड पाण्यानं दुखणं जाणवेल जास्त. आजार नाही होत."

मी आत्याबाईंकडं पाहिलं. त्या भिंतीवरचं सापळ्याचं चित्र बघत होत्या.

"पन दोन्ही वातच ना?" चित्राकडं बघतच त्यांनी विचारलं.

"लोक दोन्हीला वातच म्हणतात. तिथंच घोळ होतो."

"म्हंजे येक वात दिव्याची आन येक वात गुडघ्याचा, तसं व्हय?"

"अगदी तसं," डॉक्टर बाई हसल्या. पण मी गोळ्यांची पट्टी टेबलावर ठेवून अडीच महिन्यांचं आणि पोटातल्या आगीचं सांगितलं तेव्हा हसू गेलं. "ही कुणाची?"

"माझीच हाय," आत्याबाई म्हणाल्या. आवाज अगदी बारीक.

"ही नुसतं दुखणं झाकते. आत सांधा खराब होतच राहतो, आणि अडीच महिने तसेच गेले. पोट जळतंय ते वेगळंच. बंद करा." मग माझ्याकडं वळून, "पाजतेस ना? त्या बेतानंच औषध देते. दूध तोडायचं नाही. गुण यायला दोन-तीन महिने जातील, मधेच मनानं सोडायचं नाही. औषध चालू असताना रक्त आणि डोळे सांगेन तेव्हा तपासायचे."

आत्याबाईंना वजन कमी करायला सांगितलं, खुर्चीत बसून पाय सरळ करून दहा अंक मोजेपर्यंत तसाच धरायचा व्यायाम दिला. आणि खाली बसायचं बंद.

"लेकराला न्हाऊ घालायला तरी?"

"नाही आजी. पाट बंद."

त्यांचा चेहरा पडला. मला आनंद झाला. लपवायला मी पर्समध्ये पेन शोधायला लागले.

"आंघोळ संध्याकाळी घाला," डॉक्टर बाई मला म्हणाल्या. "तुझे हात तेव्हा चालतात."

"दिवेलागणीला कुणी लेकरू न्हाऊ घालतं व्हय?" रिक्षात आत्याबाई सिडकोपर्यंत हेच बोलत होत्या. रिक्षावाल्यालाही विचारलं. तो बिचारा म्हणाला, "अम्मा, अपने को क्या मालूम." शेवटी ऊन असताना, पाच वाजता, यावर तह झाला.

आता सहा आठवडे झालेत. आखडणं दहावरून नऊच्या आत आलंय, टिचबटण अजून दुपारीच जमतं. पाच वाजता मी ओट्याएवढ्या उंच टेबलावर टब ठेवते, आत्याबाई दाराशी खुर्ची टाकून बसतात.

"नाकाला नको, पाठीमागून घाल पाणी," त्या म्हणतात. "कान झाक. मान धर. धरलीस का?"

"धरली."

"घट नाय धरली."

काल मी विचारलं, "कुणाचं गं हे नाक?" आणि मीच म्हटलं, "आईचं." श्रेयानं हात आपटून पाणी उडवलं आणि खिदळली. माझ्याकडं. पहिल्यांदाच तशी.

खुर्चीत आत्याबाई पाय उचलून अंक मोजत होत्या. सातवर थांबल्या.

"सकाळी माझ्याकडं यापरीस जास्त हसायची," त्या म्हणाल्या.

तो सूर मला चांगला ओळखीचा होता. मी टॉवेल पसरला, श्रेयाला गुंडाळलं आणि तिनं आजीकडं हात केले तरी दिली नाही.

"आधी दहा पुरे करा," मी म्हणाले, आणि तिच्या पायाचं एकेक बोट सावकाश पुसायला लागले.

"आठ," आत्याबाई म्हणाल्या.