बालदीची सीट

"घट्ट धर गो! वरून बोल्ट फिरतोय," गाडीखालून सॅन्टन ओरडला.

गाडीत गुडघ्यांवर बसलेल्या मटिल्डाने दोन्ही हातांनी पाना दाबून धरला. दारात मांडव, मागच्या अंगणात मटणाचे टोप चढलेले, आणि नवरीची आई ग्रीसने माखलेली. पाचूबंदर गावात असं लग्न कुणी पाहिलं नसेल.

"लोकांच्या घरी आज नवरीच्या आयशीला कोन कामाला हात लावू देत नाय. आनि मी हितं बालदी ठोकत बसलेय."

"बालदी नाय गो. बकेट सीट म्हनतात तिला."

"मंग बकेट म्हंजे काय? बालदीच ना?"

सॅन्टनने नटाला आणखी एक पीळ दिला.

गाडी एक्कावन्न सालची हिलमन. वांद्र्याच्या ज्या पारशी साहेबाकडे सॅन्टन ड्रायव्हर होता, त्याने परदेशी जाताना ती याच्या गळ्यात मारली. तेव्हापासून गावातली प्रत्येक नवरी देवळात, म्हणजे चर्चला, गेली ती याच गाडीतून, आणि स्टिअरिंगच्या चाकावर सॅन्टनच. नवऱ्या रडायच्या, हसायच्या, एकीला तर वाटेत उलटी झाली. पण उशिरा एकही पोचली नाही. आज लूर्डस, त्याची स्वतःची लेक, जाणार होती. या एका दिवसासाठीच आपण इतकी वर्षं लोकांच्या पोरी पोचवल्या असं त्याला वाटत होतं, आणि तसं तो दोन पेले चढल्यावर बोलूनही दाखवायचा.

पण पावसाळ्यापासून त्याचा उजवा पाय बधिर व्हायला लागला होता. डॉक्टर म्हणाले, शुगर आहे, गाडी चालवणं सोडा. सॅन्टनने चहातली साखर सोडली आणि दोष दिला सीटला. गाडीला पुढे एकच सलग लांब सीट होती. तिच्या स्प्रिंगा बसल्या होत्या, काथ्या बाहेर आला होता. मांडीची शीर तिच्यावर दबते, म्हणून पाय मरतो, असा त्याचा सिद्धान्त. डॉक्टरला पायातलं कळत असेल, सीटमधलं काय कळतं?

म्हणून कुर्ल्याच्या भंगारातून त्याने दोन सुट्ट्या सीटा आणल्या. कुठल्या तरी विलायती गाडीच्या, लाल रेग्झिनच्या, पाठीला कवेत घेणाऱ्या. त्या पुढेमागे सरकवायचे रूळ मात्र झिजलेले निघाले, खटका अडकेना. मग रूळ काढून टाकून दोन्ही सीटा थेट तळाच्या पत्र्यालाच बोल्टांनी आवळायच्या असं ठरलं. खाऱ्या हवेने पत्रा खाल्ला होता, म्हणून खालून लोखंडी पट्टी दिली. सॅन्टन बुटका, त्यामुळे ड्रायव्हरची सीट पार चाकाला भिडवून बसवली.

आदल्या संध्याकाळी मुलाशी, आग्नेलशी, भांडण झालं होतं. आग्नेल गोरेगावला कंपनीत होता, सहा फूट उंच, बापाच्याच गाडीवर गाडी शिकलेला.

"पप्पा, मी चालवतो. नायतर विरारवरून टॅक्सी सांगतो. तुमच्या पायाचा भरवसा नाय."

"लूर्डस माझ्याच गाडीतून जाईल. आनि गाडी मी चालवीन."

"ठीक आहे. सीट बसवा, उद्या सगळ्यांसमोर एक चक्कर मारून दाखवा. नीट मारलीत तर मी तोंड उघडणार नाय."

शेवटचा नट बसला तेव्हा पत्रा करकरला. सॅन्टन बाहेर आला, सीटला दोन्ही हातांनी गदागदा हलवून पाहिलं. ती तसूभर हलली नाही.

"बस बाजूला," तो मटिल्डाला म्हणाला. "आदी आपुनच जाऊन येऊ क्रुसापर्यंत."

ती जुन्याच लुगड्यात बसली. गाडी निघाली आणि सॅन्टनचा चेहरा उजळला. पाठ ताठ, मांडी मोकळी, चाक हातात. दोन्ही बाजूंना बांबूच्या वलांड्यांवर बोंबील वाळत होते. क्रुसाला वळसा घालून त्याने गाडी परत फिरवली.

"बगितलंस? सीटचाच दोष होता. डॉक्टर काय सांगतो!"

मटिल्डा हसली. तिला खरंच बरं वाटलं होतं.

विहिरीजवळच्या वळणावर बँड ऐकू आला. उंबराचं पाणी घेऊन बायका परतत होत्या. याच पाण्याने नवरीला न्हाऊ घालायचं. पुढे सॅन्टनची बहीण फ्लॉसी, डोक्यावर पाण्याची घागर, तिच्यावर छत्री धरून आग्नेल, मागे सगळं गाव. सॅन्टनने ब्रेक दाबला.

गाडी थांबेना. त्याने आणखी जोर लावला, निदान लावला असं त्याला वाटलं. बायका जवळ येत चालल्या. त्याने खाली पाहिलं. पाय ब्रेकवर नव्हताच. तो अजून ॲक्सिलरेटरवर होता, कुण्या परक्या माणसाचा असल्यासारखा.

"ओ! ओ!" मटिल्डा किंचाळली.

सॅन्टनने दोन्ही हातांनी हँडब्रेक ओढला. गाडी रस्त्यात तिरकी झाली, गचका देऊन बंद पडली. बंपर फ्लॉसीच्या लुगड्याला लागला होता. घागर खाली पडून घरंगळत गेली आणि सगळं पाणी रस्त्यावर सांडलं. बँड गप्प झाला.

आग्नेल छत्री टाकून धावत आला. "काय झालं? पप्पा, काय झालं?"

"सीट सरकली," सॅन्टन म्हणाला.

हे त्याने ठरवलं नव्हतं. तोंडातून निघून गेलं. मटिल्डाने नवऱ्याकडे पाहिलं. मग स्वतःच्या तळव्यांकडे. पान्याचे लाल वळ अजून तिथे होते.

"बघू," म्हणत आग्नेल वाकला आणि सीट हलवायला त्याने हात पुढे केला. सीटला एकदा हात लागला की संपलं. सगळं गाव उभं होतं.

"हात नको लावू!" मटिल्डाने त्याचं मनगट धरलं. "सरकली ती. मी बाजूलाच होते ना? मी बगितली. तू आदी आत्येला बग, तिला दुसरं पानी भरून आन."

आग्नेल आईकडे पाहत राहिला. तेवढ्यात घागर उचलत फ्लॉसी म्हणाली, "सांडलं तर परत भरू. विहीर काय पलून चाललीय?" लोक हसले आणि बँडवाल्यांनी पुन्हा वाजवायला घेतलं.

गाडी घरी न्यायला आग्नेल बसू पाहत होता, पण त्याचे गुडघे चाकाखाली मावेनात. शेवटी चार बाप्यांनी गाडी ढकलत आणली. सॅन्टन नुसतं चाक धरून बसला होता. इतकी लाज त्याला जन्मात कधी वाटली नव्हती.

अंगणात दोघंच उरली तेव्हा मटिल्डाने त्याच्या पायातली चप्पल काढली आणि अंगठ्याला कचकन चिमटा काढला.

"लागतं?"

त्याने पाय मागे घेतला नाही.

"आनि मला बालदी ठोकायला लावलीत," ती म्हणाली आणि पदराने डोळे पुसू लागली. "आग्नेलला सांगू?"

"नको." त्याने पाना उचलला. "त्याला बोलव. माप घ्यायचंय."

बोल्ट काढून सॅन्टनने सीट मागे ओढली आणि आग्नेलला तिच्यावर बसवलं. "क्लच दाब. ब्रेक. गुडगा लागतो का कुटं?"

"नाय. पण पप्पा, एवढी मागे घेतली तर तुमचा पाय पोचणार नाय. आणि ही काय सरकत नाय आता."

"पट्टी तितंच पक्की बसते," सॅन्टन म्हणाला. "पुडचा पत्रा सडलाय." आणि त्याने ड्रिल लावलं.

आग्नेलने पुढच्या पत्र्याकडे पाहिलं. तिथली बोल्टांची भोकं स्वच्छ गोल होती, कडा जराही फाटलेल्या नव्हत्या. मग तो खाली उतरला, गाडीखाली शिरला आणि नट धरून पडून राहिला.

संध्याकाळी लूर्डस पांढऱ्या झग्यात बाहेर आली. जुनी लांब सीट मांडवात टाकली होती, तिच्यावरून म्हाताऱ्या उठून उभ्या राहिल्या. ड्रायव्हरच्या दाराशी सॅन्टनची पावलं सवयीने थबकली. त्याने दार उघडलं, आग्नेल बसेपर्यंत धरून ठेवलं आणि लावलं.

"बसा आता तुमच्या बालदीत," नवरीशेजारून मटिल्डा हळूच म्हणाली.

तो दुसऱ्या बाजूने जाऊन बसला. कुणी काही विचारलं नाही. नवरीच्या बापाने चाकावर बसू नये हेच सगळ्यांना रीतसर वाटलं.

विहिरीचं वळण आलं. रस्ता वाळला होता आणि कडेला पोरं उभी होती. सॅन्टनने आपल्या बाजूला नसलेला ब्रेक दाबला. आग्नेलच्या हाताखाली गाडी अलगद हळू झाली, वळली, पुढे निघाली.

त्याने खाली पाहिलं. त्याचा नवा काळा बूट पत्र्यावर ठेवला होता तिथेच होता, तसूभरही हलला नव्हता.