डोळे बांधलेला पाणाड्या

'भिंग' हा कॉलेजचा विज्ञान अंक वर्षातून एकदा निघे, आणि त्यात दरवर्षी ठरलेलंच पीक येई: प्लास्टिकचे दुष्परिणाम, चंद्रावरचं पाणी, योगासनांचे फायदे. सगळं इंटरनेटवरून उचललेलं. यंदा वैष्णवी विद्यार्थी-संपादक झाली आणि पहिल्याच बैठकीत तिने जाहीर करून टाकलं, की स्वतः केलेला प्रयोग असेल तरच लेख छापायचा. संपादक मंडळाने माना डोलावल्या. माना डोलवायला काय जातं?

असा एकच लेख आला, प्रविणचा. चौसाळ्याच्या बाजूला बोअर घ्यायची तर लोक आधी पाणाड्याला बोलावतात. तो तळहातावर नारळ आडवा ठेवून रान फिरतो, आणि नारळ उभा राहिला की खाली पाणी आहे म्हणतो. प्रविणने एका पाणाड्याला कॉलेजच्या मैदानावर आणलं. उघड्या डोळ्यांनी फिरवलं तेव्हा नारळ दरवेळी एकाच जागी उभा राहिला. डोळे बांधून फिरवलं तेव्हा दरवेळी वेगळीकडेच. जिथे उभा राहील तिथे खुंटी ठोकली होती, आणि लेखाला त्या विखुरलेल्या खुंट्यांचा फोटो जोडला होता. पाणाड्याचं नाव नव्हतं. गरजही नव्हती, कारण त्या भागात नारळवाला पाणाड्या एकच, पंडितअण्णा. म्हणजे वैष्णवीचे वडील.

अण्णा त्या दिवशी इस्त्रीचा सदरा घालून गेले होते. सायन्सवाल्यांनी आपल्याला बोलावलं याचं त्यांना भारी कौतुक. पट्टी सुटायच्या आत पोरांनी फोटो काढून खुंट्या उपटल्या, अण्णांना चहा पाजला आणि मोटारसायकलवर घरी सोडलं. निकाल सांगायची हिंमत कुणाला झाली नाही.

वैष्णवीने लेखात चूक शोधून शोधून पाहिली. सापडेना, आणि त्याचाच तिला राग आला. मंडळातली मनिषा म्हणाली, "ठेव की बाजूला. योगासनं छापू." अंकाचं काम बघणारे सर म्हणाले, "तू म्हणशील तसं," आणि अंग काढून घेतलं.

शेवटी तिने लेख अण्णांनाच वाचून दाखवला. ते शेवटपर्यंत ऐकत राहिले.

"पोरं चावट हायेत. खुंट्या कुठंबी रोवल्या आसतील," ते म्हणाले. "तू छापणार हायस का?"

"तुमी न्हाई म्हणलं तर न्हाई."

हे बोलताच तिला स्वतःची लाज वाटली. अण्णा उठून गेले.

सकाळी त्यांनी तिला रानात हाक मारली. हातात नारळ, खांद्यावर उपरणं, आणि बांधावर खुंट्या तासून ठेवलेल्या.

"तू खोटं करणार न्हाईस. बांध डोळे."

तिने उपरणं घट्ट बांधलं. अण्णा फिरले, नारळ उभा राहिला, तिने खुंटी ठोकली. त्यांना गोल फिरवून पुन्हा सोडलं. नारळ पुन्हा उभा राहिला. प्रत्येक खुंटी तिने नारळ उभा राहिला तिथेच ठोकली.

अण्णांनी उपरणं स्वतःच सोडलं. एक खुंटी बांधाला लागून, एक लिंबाखाली, एक पार रस्त्याकडे, बाकीच्या वाटेल तशा.

"बरोबर रोवल्यास?"

"हो, अण्णा."

ते ढेकळावर बसले. तिला रडू येत होतं, पण ती उभी राहिली.

"लई जणांना जागा दावल्यात मी," ते म्हणाले. मग, "छाप. आन नाव घाल माझं. लेकीनं डोळे बांधल्यावर बी तसंच झालं, हे बी लिही."

तिने फोटोसाठी मोबाईल काढला. अण्णा उठले, सदरा झटकला आणि खुंट्यांच्या मधोमध जाऊन उभे राहिले. हातातला नारळ कसा धरावा, ते त्यांना सुचेना.