लाल रिबीन

तालीम घेणाऱ्या त्या साहेबाला मी अजून शिव्या घालते, पण माईकवर बोलले ती मीच. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून कुणी तोंड उघडायला नको.

आमचं सरकारी रुग्णालय तीस खाटांचं, मी तिथली सिस्टर. जिल्ह्याहून हुकूम आला, मोठा अपघात होऊन एकदम चाळीस जखमी आले तर काय कराल, त्याची तालीम करा. आम्ही तपासून जखमींच्या हाताला बांधायच्या रंगीत पट्ट्या, जिवावर बेतलेल्याला लाल, वरून येणार होत्या. आल्या कुठे? साहेब म्हणाले, "प्रज्ञाताई, काहीतरी जमवा." मग मी बाजारातून शाळेच्या मुलींच्या वेणीच्या रिबिनी आणल्या, लाल, पिवळ्या, हिरव्या. गावचीच माणसं खोटी जखमी झाली आणि वडापाव खाऊन खुशाल विव्हळत पडली. लांबलचक कुठे समजावत बसू, म्हणून मी माईकवर सांगून टाकलं, "लाल रिबीन ज्याच्या हाताला, त्याला गाडी आधी." टाळ्या पडल्या. साहेब खूश झाले.

तीन आठवड्यांनी हरिहरेश्वरला निघालेला टेम्पो घाटात उलटला. आमच्याच गावचा. अठ्ठावीस जखमी, डॉक्टर एक, ॲम्ब्युलन्स एक, तीही एकाच स्ट्रेचरची. हिरामणची नेत्रा, बारावीतली पोर, अंगावर साधा ओरखडा नाही, पण पोट फळीसारखं कडक आणि नाडी धावतेय. आतल्या आत रक्त चाललं होतं, आणि पोटाचं ऑपरेशन आमच्याकडे होत नाही. तिला लाल बांधली, सलाईन लावलं. हिरामणला म्हटलं, "दादा, पहिली हीच जाणार." आणि आत टाके घालायला गेले.

पाव तासाने बाहेर येते तर काय, अकरा लाल! मेल्यांनी टेम्पोतल्या पोरींच्या वेण्या सोडल्या होत्या. कोपर निखळलेला लाल, दात पडलेला लाल. गावचे पुढारी दिनानाथभाऊ, त्यांनी तर त्या कोपरवाल्याला, आपल्या पुतण्याला, लाल बांधून गाडीत आडवासुद्धा केला होता.

"उतरवा त्याला!" मी ओरडले. "कोपराने कुणी मरत नाही!"

"का म्हणून? रिबीन हाय ना त्याला? माईकवर तुम्हीच सांगितलंत!"

भोवतीचे सगळे "व्हय, व्हय" करायला लागले. माझेच शब्द. तेवढ्यात आतून डॉक्टरांनी हाक मारली, एका बाईचा श्वास अडकला होता. "सदा, नेत्राला घे!" असं ड्रायव्हरला ओरडून मी आत पळाले. परत आले तेव्हा गाडी गेलेली, आणि हिरामण पडवीत लेकीचं डोकं मांडीवर घेऊन बसलेला.

"अरे, तू गप्प कसा बसलास?" मी अक्षरशः किंचाळले.

"त्यांची पन लालच व्हती, सिस्टर," तो म्हणाला. "आनि ते आधी चढले व्हते. मंग आपला नंबर दुसरा."

दुसरी गाडी दीड तासाने आली. नेत्रा वाटेतच गेली. पुतण्या तिसऱ्या दिवशी गळ्यात झोळी बांधून घरी आला.

बाराव्याला मी हिरामणकडे गेले. जाऊ नये असं वाटत होतं, तरी गेले. त्याने पाणी दिलं, बसायला चटई दिली. मग त्याने हळूच विचारलं, "सिस्टर, बाकीच्यांनी आपली आपण बांधली व्हती म्हनतात. खरंय?"

मी मान हलवून हो म्हटलं.

"आनि नेत्राची?"

"तिची मी बांधली होती, दादा. तिची खरी होती."



"मंग मी भांडायला पायजे व्हतं," तो म्हणाला.