रात्री बटण बंद करू नका

विन्स्लो प्रॅट माझा शाळेतला वर्गमित्र नसता, तर त्या दिवशी मी त्याच्या डोक्यात की-बोर्डच घातला असता. वर्गमित्र आहे म्हणून नुसत्या शिव्यांवर भागवलं.

ग्रँड पॉइंट या आमच्या गावातले सगळे सरकारी कॉम्प्युटर माझ्या गळ्यात. टाउन ऑफिस, अग्निशमन, लायब्ररी, सगळीकडे मीच, क्लॉडेट विलेट. दर महिन्याला त्या कॉम्प्युटरांच्या सिस्टीमला अपडेट येतात. ते वेळच्या वेळी घालायचे. नाही घातले तर चोरांना दार उघडं राहतं, आणि मग एक दिवस साध्या साध्या गोष्टीही चालेनाशा होतात. दिवसा लोक बसलेले असतात, म्हणून हे काम मी रात्रीवर लावून ठेवलंय. मशीन आपलं आपण अपडेट घेतं, बंद होतं, चालू होतं. अट एकच, रात्री त्याला वीज पाहिजे.

आणि लायब्ररीचा प्रमुख कोण? विन्स्लो! कवडीचुंबक मेला. एकच टी-बॅग सकाळ-संध्याकाळ बुडवतो. हिवाळ्यात त्याच्या लायब्ररीत लोक कोट-टोपी घालून वाचत बसतात. संध्याकाळी कुलूप लावायच्या आधी हा टेबलाखाली वाकणार आणि सगळे कॉम्प्युटर ज्याच्यावर आहेत त्या एक्स्टेंशन बोर्डाचं लाल बटण खटकन बंद करणार. मला कळलं तेव्हा मी बटणावर कागद चिकटवला, ‘रात्री बटण बंद करू नका.’ त्याने काढला. मी परत चिकटवला, त्याने परत काढला. वर मलाच म्हणतो, “अगं, रात्री काय भुतं येणार आहेत का कॉम्प्युटरवर बसायला?” समजावलं, भांडले, टाउन मॅनेजरकडे गेले. तो हसला आणि म्हणाला, “वीज वाचवतोय ना बिचारा, वाचवू दे.” सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

त्या सोमवारी सकाळी आर्माँ लेव्हेकचा फोन आला. “क्लॉडेट, पोरी, लायब्ररीत येतेस का जरा? माझ्याकडून परत काहीतरी चुकलंय बघ.”

आर्माँचा जन्म कागदाच्या गिरणीत गेला. उजव्या हाताची दोन बोटंही तिथेच गेली. कुणाच्या अध्यात ना मध्यात असा माणूस. त्याची मुलगी नशेच्या पायी घर सोडून गेली आणि तिची पोर, जोझी, सरकारने लांब दुसऱ्या गावात परक्या घरी ठेवली. ती आजोबांकडे, म्हणजे तिच्या ‘पेपेर’कडे, यायची की नाही, हे त्या दिवशी कोर्टात ठरायचं होतं. सुनावणी व्हिडिओवर. टेकडीवरच्या त्याच्या घरात इंटरनेट धड चालत नाही, म्हणून लायब्ररी.

मी पोचले तर आर्माँ चर्चचा कोट, टाय, केस पाणी लावून चापून बसवलेले, असा कॉम्प्युटरसमोर. पडद्यावर लिहिलेलं, ‘तुमची सिस्टीम जुनी आहे. अपडेट करा, मगच आत या.’ शेजारचा लावला, तेच. त्याच्या शेजारचा, तेच. कित्येक महिन्यांचे अपडेट तुंबलेले! आता सुरू केले तर रात्र होणार, आणि सुनावणी तोंडावर आलेली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

तेवढ्यात कॉफीचा मग घेऊन विन्स्लो आला. “काय गं, आलीस होय? हा म्हातारा दर वेळी काहीतरी भलतंच दाबतो. मी सांगितलंय त्याला, तुमच्या या बोटांना नाही जमायचं ते.”

“दर वेळी म्हणजे?”

आर्माँने मान खाली घातली. “मागे दोनदा जोझीला व्हिडिओवर भेटायची वेळ मिळाली होती. इथेच बसलो होतो. नाही लागलं. विन्स्लो म्हणाला मीच चुकतोय. मग कुणाला काय सांगणार? लाज वाटली गं.”

मी विन्स्लोकडे बघितलं. मग त्याच्या केबिनीतल्या लॅपटॉपकडे. तो रोज याच्याबरोबर घरी जातो आणि रात्रभर चार्जिंगला असतो. त्यामुळे अपडेट सगळे जिथल्या तिथे. आपला तो बाब्या!

“आण तो इकडे.”

“क्लॉडेट, ते नियमात बसत नाही. आणि माझी आत्ता बजेटची मीटिंग...”

“खड्ड्यात गेलं तुझं बजेट!” मी वायरीसकट लॅपटॉप उचलला आणि आर्माँसमोर आदळला.

लागलं लगेच. पडद्यावर जजबाई आणि मुलांच्या खात्याची एक बाई. खात्याची बाई बोलायला लागली. “आजोबा दोन्ही भेटींना आले नाहीत. मुलगी नटून-थटून बसली होती. दुसऱ्यांदा तर तिने वेणीही सोडू दिली नाही संध्याकाळपर्यंत. आता ती म्हणते, मला नाही बसायचं त्या पडद्यासमोर. आमच्या मते आजोबांना रस नाही.”

आर्माँचे ओठ हलले. “बाईसाहेब, मी... मला दाबता नाही आलं.”

मग मात्र मला राहवलं नाही. मी त्याच्या खांद्यावरून डोकं घुसवलं. “साफ खोटं आहे! त्यांना सगळं येतं दाबता!”

“आपण कोण?” जजबाईंनी विचारलं.

“कॉम्प्युटरवाली.” मी लॅपटॉप उचलून त्या रांगेकडे फिरवला, एकेक पडदा दाखवला, टेबलाखालचं लाल बटण दाखवलं, आणि शेवटी विन्स्लोचं थोबाड दाखवलं. काय घडलं ते एका दमात सांगून टाकलं.

“मिस्टर प्रॅट, तुम्ही हे रोज बंद करत होता?”

एरवी नाकाने कांदे सोलणारा विन्स्लो पुटपुटला, “वीज वाचते, मॅडम.”

जजबाईंनी समोरच्या कागदावर काहीतरी लिहिलं. मग म्हणाल्या, “निकाल मी आज देत नाही. उद्या सकाळी मुलीची भेट लावा, याच लायब्ररीतून. मिस्टर लेव्हेक, तुम्ही का आला नव्हता ते तिला तुम्हीच सांगा.”

पडदा बंद झाला. मला वाटलं, म्हातारा आता खूश होईल. तो आपल्या तुटक्या बोटांकडे बघत बसला होता.

“म्हणजे क्लॉडेट, माझं काही चुकत नव्हतं?”

“नाही हो.”

“दोन्ही वेळा?”

“एकदाही नाही.”

“आणि ती पोर वेणी घालून बसली होती,” आर्माँ म्हणाला. मला संतापाने रडू आलं. विन्स्लोसमोर आलं, याचा आणखी संताप.

सगळ्या मशीनवर अपडेट सुरू केले. एवढं तुंबलेलं रात्रीशिवाय उरकणार नव्हतंच. संध्याकाळी किल्ल्या वाजवत विन्स्लो आला, आणि सवयीने टेबलाखाली वाकला. तिथे आर्माँचा बूट होता. खुर्ची ओढून, कोटाची बटणं लावून, बोर्डाशी पाय रोवून तो बसला होता.

“आर्माँ, लायब्ररी बंद झाली.”

“मग तू जा की घरी. किल्ल्या हिच्याकडे दे.” गिरणी बंद झाली तेव्हाही या माणसाने आवाज चढवला नव्हता. मी हात पुढे केला. विन्स्लोने त्यावर किल्ल्या ठेवल्या, आणि जाता जाता छताचे दिवे मात्र घालवलेच.

पडद्यांच्या उजेडात आम्ही बसून राहिलो.

“उद्या काय सांगणार तिला?” मी विचारलं. “विन्स्लोचं नाव सांगा सरळ.”

“छे गं. तिला काय करायचाय विन्स्लो?” आर्माँने टाय सारखा केला. “सांगेन, पेपेर दोन्ही वेळा आला होता.”