खिडकीपाशी उभा पांढरा पुठ्ठा

मित्रांनो, मी एक जुना पुठ्ठा आहे. पांढरा, तीन घड्यांचा. अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या ओडीलच्या घरी मी आलो तो तिच्या लेकीसाठी, कोरासाठी. कोराने माझ्या एका बाजूवर शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी बेडकाची वाढ चितारली. माझ्यासमोर गर्दी जमली, बक्षीस मिळाले आणि नंतर कपाटामागची जागा मिळाली. तिथे मी वर्षानुवर्षे धूळ खात होतो.

ओडील चाकावर मातीची भांडी घडवते. नोव्हेंबरातल्या एका दुपारी भांड्यांचे फोटो काढायला तिने मला बाहेर ओढले. स्वयंपाकघरातले टेबल उत्तरेच्या खिडकीला लावले, त्यावर पार्श्वभूमीसाठी पांढरा कागद वळण देऊन सोडला, दिवा मालवला आणि माझी कोरी बाजू खिडकीकडे केली. खिडकीतून आलेला उजेड मी परतवायचा, म्हणजे भांड्याची सावलीतली बाजू उजळते. काम सोपे होते, पण त्या दुपारी घरातली हवाच तंग होती.

हिवाळी हस्तकला जत्रेत कोणाला विक्रीसाठी जागा द्यायची, हे पंच फोटो पाहून ठरवतात. फोटोतला रंग खरा वाटत नाही, म्हणून ओडीलला दोनदा नकार आला होता. या वेळीही तसेच झाले तर चाक विकायचे, असे तिने ठरवले होते. फोटो त्याच संध्याकाळी पाठवायचे होते आणि आमच्याकडे त्या दिवसांत चारलाच अंधारते.

मी सारखा घसरत होतो, म्हणून तिचा नवरा एल्डन मला कडेने धरून उभा राहिला. हरणांच्या शिकारीचे दिवस होते. चुकून कोणाची गोळी लागू नये म्हणून तेव्हा टपालपेटीपर्यंत जायचे तरी माणसे भडक नारिंगी जाकीट चढवतात. एल्डन तर रानातूनच आला होता आणि लगेच परत जाणार होता.

ओडीलने पांढरी सुरई मांडून फोनने फोटो काढला. सुरई जर्दाळूसारखी पिवळट-तांबूस दिसली.

"हे काय! माझी झिलई दुधासारखी आहे, आणि ही बघ, ताप चढल्यासारखी!"

"फोनलाच चष्मा लागलाय," एल्डन म्हणाला.

"विनोद पुरे. उजेड चाललाय."

तिने भिंग पुसले, कागद बदलला. तरी तेच. मग तिने फोटो डोळ्यांजवळ नेला. "रंग चढतोय तो पुठ्ठ्याकडच्या बाजूलाच."

"मग हाच पिवळा पडलाय. म्हातारा झाला बिचारा. चुलीत घालू?"

"घाल!"

मित्रांनो, माझ्या घड्या सैल पडल्या. एल्डन मला खुर्चीला टेकवून चुलीचे दार उघडायला गेला. तेवढ्यात ओडीलने चिडून आणखी एक फोटो काढला.

सुरई पांढरी होती.

एल्डन परत आला, त्याने मला उचलायला धरले. तिने पुन्हा बटण दाबले. जर्दाळू! तिने माझ्याकडे पाहिले, मग त्याच्याकडे.

"एल्डन, जाकीट काढ."

"आता? अगं, मला परत जायचंय."

"काढ म्हणते ना!"

आत लाल चौकड्यांचा सदरा होता.

"तोही."

"काही लाज आहे की नाही?"

"सुरईसमोर कसली लाज? लवकर!"

पांढऱ्या बनियनमध्ये एल्डन कुडकुडत उभा राहिला, आणि त्याच्याबरोबर मीही थरथरू लागलो.

"हलू नकोस रे!"

"मी कुठे हलतोय? थंडी हलवतेय!"

उजेड पाइनच्या शेंड्यांवर जाऊन टेकला होता. तेवढ्यात ओडीलने सगळी भांडी टिपली. फोटो वेळेत पाठवले गेले.

पहिला जाड बर्फ पडायच्या आत उत्तर आले. जत्रेत जागा मिळाली. चाक फिरते आहे.

आता माझे कोपरे मऊ झाले आहेत, घड्या झिजल्या आहेत. मला ओल लागू देऊ नका, मधूनमधून कोरड्या फडक्याने पुसा. आणि मित्रांनो, पांढऱ्याला शेजारचा रंग चटकन लागतो. माझ्यावर नको ती छटा दिसली, तर मला चुलीत घालण्याआधी मला धरून कोण उभे आहे, तेवढे एकदा पाहा.